पृथ्वीचं अंतरंग आणि भूपट्ट: मुलांना शिकवताना सुरुवात कुठून करावी?

सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "पृथ्वीच्या थरांची आकृती काढून देते, मुलं नावं पाठ करतात, भूपट्टांची यादीही लिहितात. पण दोन प्रश्न दर वर्षी हमखास येतात आणि माझं उत्तर मलाच पटत नाही. एक, आत कुणी गेलंच नाही तर आत काय आहे हे कळलं कसं? दुसरा, खाली सगळा लाव्हा आहे तर वरची जमीन बुडत का नाही?"

हे दोन प्रश्न धड्याच्या शेवटी उरतात, कारण आपण धडा आकृतीपासून सुरू करतो. माझा आग्रह आहे की धड्याची सुरुवातच या प्रश्नांनी करावी. मी भूशास्त्राचा माणूस आहे आणि शिक्षकांबरोबर या विषयावर बरीच वर्षं काम करतो आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: मुलांच्या डोक्यात "खाली उकळता लाव्हा आणि त्यावर तरंगणारी जमीन" असं चित्र एकदा बसलं की पुढचं काहीच नीट लागत नाही. ज्वालामुखी सगळीकडे का नाहीत, भूकंप ठरावीक पट्ट्यांतच का होतात, एक भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या ताठ थराचा सरकणारा तुकडा) दुसऱ्याखाली कसा जातो, या सगळ्याची उत्तरं त्या चित्रात अडकून बसतात. म्हणून थरांची नावं मागे राहिली तरी चालतील, पण प्रावरण (वरचं पातळ भूकवच आणि मधला गाभा यांच्यामधला जाड थर) घन आहे, खडकाचं आहे, आणि तरीही अतिशय सावकाश वाहतं, हे मुलांपर्यंत पोहोचलंच पाहिजे.

आधी "कळलं कसं" हा प्रश्न घेऊ.

खणून पाहणं हा मार्ग फार लवकर संपतो. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली एक छिद्र पाडायला घेतलं, निव्वळ खोल जाऊन पाहण्यासाठी. १९८९ साली ते १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचलं. तिथे तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअस निघालं, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. खडक मऊ पडू लागला, छिद्र टिकेना, आणि पुढे जाणं सोडून द्यावं लागलं. पृथ्वीची त्रिज्या सरासरी ६,३७१ किमी आहे. म्हणजे एवढा खटाटोप करून माणूस त्या वाटेचा पाचशेवा हिस्सासुद्धा उतरला नाही.

मग दुसरा मार्ग. पृथ्वीचं वजन करता येतं. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली प्रयोगशाळेत शिशाच्या गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साधारण साडेपाच पट निघाली. पृष्ठभागावरचे खडक मात्र पाण्याच्या पावणेतीन ते तीन पटच जड असतात. इथे थांबून मुलांना विचारा: सरासरी साडेपाच आणि वरचा भाग तीन, तर आत काय असलं पाहिजे? "काहीतरी खूप जड" हे उत्तर वर्गातूनच येतं. अवकाशातून पडणाऱ्या काही उल्का जवळजवळ निव्वळ लोखंड आणि निकेलच्या असतात हे त्याला जोडलं की लोखंडी गाभ्याचा अंदाज मुलांनी स्वतः बांधलेला असतो. आकृतीत "गाभा" हा शब्द त्यानंतर लिहावा.

तिसरा मार्ग सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे भूकंपाच्या लहरी. मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात आणि दूरदूरच्या केंद्रांवर नोंदल्या जातात. यात दोन प्रकार मुलांना पुरेत. प्राथमिक लहरी पुढे-मागे ढकलत जातात, त्या वेगवान असतात आणि आधी पोहोचतात. दुय्यम लहरी आडव्या हलवत जातात, त्या सावकाश असतात आणि त्यांचं एक वैशिष्ट्य आहे: त्या द्रवातून जाऊ शकत नाहीत. द्रवाला आपला आकार धरून ठेवता येत नाही, बाजूला सरकवलं तर तो परत ओढत नाही, म्हणून आडवी हालचाल पुढच्या थराला मिळतच नाही.

हे वाचून दाखवण्यापेक्षा करून दाखवा. आठ-दहा मुलांना एका ओळीत शेजारी शेजारी उभं करून एकमेकांच्या खांद्यांवर हात घट्ट ठेवायला सांगा. टोकाच्या मुलाला ओळीच्या दिशेने हलकेच ढकललं की धक्का दुसऱ्या टोकापर्यंत जातो. टोकाच्या मुलाला ओळीला आडव्या दिशेने डोलवलं की ते डोलणंही ओळीतून पुढे सरकतं. आता हात खाली, मुलं जवळजवळ पण मोकळी. ढकललं तर धक्का अजूनही जातो, कारण एकजण दुसऱ्यावर आदळतो. डोलणं मात्र पहिल्यापाशीच संपतं. पहिली ओळ घन पदार्थाची, दुसरी द्रवाची. माझ्या अनुभवात ही पाच मिनिटं केलेल्या वर्गात पुढचा अर्धा तास सुरळीत जातो.

आता निकाल सांगायचा. भूकंपकेंद्रापासून पृथ्वीच्या गोलावर साधारण १०४ अंशांपलीकडे गेलं की दुय्यम लहरी थेट पोहोचतच नाहीत. पृथ्वीच्या मध्यभागी त्यांना अडवणारं काहीतरी मोठं आहे. ते सुमारे २,९०० किमी खोलीवर सुरू होतं आणि ते द्रव आहे, हा बाह्य गाभा. पण याच निरीक्षणाची दुसरी बाजू वर्गात सहसा सांगितली जात नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. १०४ अंशांच्या अलीकडे दुय्यम लहरी व्यवस्थित पोहोचतात. त्या कशातून जातात? प्रावरणातून. प्रावरण लाव्ह्याचं असतं तर एकही दुय्यम लहर पलीकडे निघाली नसती. एकाच लहरीने दोन गोष्टी सिद्ध केल्या: प्रावरण घन आहे आणि त्याखालचा बाह्य गाभा द्रव आहे.

शास्त्रज्ञांची नावं या वयात एक-दोनच घ्यावीत, पण ती कामासकट. आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी १९०९ साली झाग्रेबजवळ झालेल्या भूकंपाच्या नोंदी तपासल्या. काही केंद्रांवर एकाच भूकंपाच्या प्राथमिक लहरी दोनदा आलेल्या दिसत होत्या. एक लहर वरच्या वाटेने आली होती, दुसरी खाली जाऊन जास्त वेगाच्या खडकातून आली होती. भूकवच कुठे संपतं आणि प्रावरण कुठे सुरू होतं हे असं कळलं. दुसरं नाव इंगे लेमान या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंचं. द्रव गाभ्यात शिरताना प्राथमिक लहरी वळतात, म्हणून एका पट्ट्यात त्या पोहोचायलाच नकोत. त्या पट्ट्यात लेमान यांना क्षीण लहरी सापडल्या. १९२९ सालच्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदी त्यांनी बारकाईने तपासल्या, आणि १९३६ साली मांडलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असला पाहिजे, ज्यावरून या लहरी परावर्तित होतात. त्याला आज आपण आंतरगाभा म्हणतो. त्याचं तापमान ५,००० अंशांहून जास्त असावं, आणि तरी तो घन आहे, कारण तिथला दाब प्रचंड आहे. (लेमान १०४ वर्षं जगल्या. मुलांना अशा गोष्टी लक्षात राहतात आणि त्यांच्याबरोबर शोधही लक्षात राहतो.)

आता ती आकृती काढा, पण मापात. पुस्तकातल्या आकृतीत भूकवच चांगलं जाडजूड दाखवलेलं असतं, नाहीतर छापताच येणार नाही. फळ्यावर किंवा जमिनीवर दोरी आणि खडूने ६४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. या मापात १ मिमी म्हणजे १० किमी. केंद्रापासून १२ सेंमीवर आंतरगाभ्याची कड, ३५ सेंमीवर बाह्य गाभ्याची कड, आणि तिथून जवळजवळ काठापर्यंत सगळं प्रावरण. खंडांखालचं भूकवच साडेतीन मिमी येतं. महासागरांखालचं १ मिमीसुद्धा नाही, म्हणजे खडूच्या रेघेच्या जाडीत ते हरवतं. एव्हरेस्टची उंची १ मिमीपेक्षा कमी. कोलाचं छिद्र सव्वा मिमी. पृथ्वीच्या आकारमानाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग प्रावरणाचा आहे हे मग शब्दांत सांगावं लागत नाही.

रंगाबद्दल एक सूचना. प्रावरण लाल-नारिंगी रंगवू नका. त्या रंगामुळेच लाव्ह्याचं चित्र डोक्यात पक्कं होतं. वरच्या प्रावरणाचा खडक प्रत्यक्षात हिरवट असतो. त्याला पेरिडोटाइट म्हणतात आणि त्यातलं मुख्य खनिज ऑलिव्हिन हे हिरवं आहे. काही ज्वालामुखींतून लाव्ह्याबरोबर या खडकाचे तुकडे न वितळता वर येतात. काळ्या बेसाल्टमध्ये रुतलेली दाणेदार हिरवी गाठ, अशी ती दिसते, आणि तिचं छायाचित्र वर्गात जरूर दाखवा. ओमानच्या डोंगरांमध्ये तर महासागराचा तळ आणि त्याखालचं प्रावरण यांचा मोठा तुकडाच जमिनीवर ढकलला गेला आहे. तिथे प्रावरणाच्या खडकावरून चालत जाता येतं. "प्रावरण कुणी पाहिलेलं नाही" असं मुलांना सांगू नये. आपण तिथवर उतरलेलो नाही एवढंच.

आता घन खडक वाहतो कसा, हा खरा अवघड भाग. इथे एक प्रयोग मदतीला येतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली काचेच्या नरसाळ्यात डांबरासारखा एक काळा पदार्थ ओतून ठेवला. तो हातोडीने मारला तर काचेसारखा फुटतो. पण नरसाळ्यातून तो थेंबाथेंबाने गळतो आहे, आणि २०१४ पर्यंत त्याचे फक्त ९ थेंब पडले. झटक्याने जोर लावला तर तुटणारा पदार्थ दीर्घकाळ जोर राहिला तर वाहू शकतो, एवढंच यातून घ्यायचं. प्रावरणाच्या वाहण्याची रीत वेगळी आहे: तिथे उष्णता आणि दाबाखाली खनिजांच्या स्फटिकांतले सूक्ष्म दोष सरकत जातात आणि खडक न वितळता, न फुटता आकार बदलतो. हिमनदीतला बर्फ घन असूनही उतारावरून वाहतो, तो बऱ्याच अंशी अशाच रीतीने. भूकंपाची लहर काही सेकंदांत निघून जाते, म्हणून तिच्यासाठी प्रावरण पोलादासारखं घन. कोट्यवधी वर्षं चालणाऱ्या ओढीसाठी तेच प्रावरण वाहतं.

याचा पुरावा जमिनीवर मोजता येतो. शेवटच्या हिमयुगात उत्तर युरोपवर सुमारे तीन किमी जाडीचा बर्फ होता. त्या वजनाने खालची जमीन दबली आणि प्रावरण बाजूला सरकलं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून गेला, पण जमीन अजूनही वर येते आहे. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखातात ती वर्षाला जवळजवळ १ सेंमी वर येते. स्वीडनचा तिथला उंच किनारा बर्फ गेल्यापासून २८५ मीटर वर उचलला गेला आहे. समोरच्या क्वार्केन द्वीपसमूहात समुद्र मागे हटून दर वर्षी सुमारे एक चौरस किमी नवी जमीन उघडी पडते. जुनी बंदरं पाण्यापासून दूर राहिली आहेत. खालचं प्रावरण संथपणे परत जागेवर येतं आहे, म्हणून हे घडतं. पातळ लाव्हा असता तर हे केव्हाच संपलं असतं. अजिबात न वाहणारा खडक असता तर मुळात काही दबलंच नसतं.

इथे एक हुशार मूल हमखास विचारतं: "मग ज्वालामुखीत लाव्हा कुठून येतो?" उत्तर असं की शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, आधीपासून भरून ठेवलेला नसतो, तो तिथे तयार होतो. प्रावरणाचा वरचा भाग सुमारे १,३०० अंश तापलेला असतो, पण दाबामुळे वितळत नाही. जिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे खालचा खडक वर येतो, दाब कमी होतो आणि त्याचा थोडा अंश वितळतो. उष्णता वाढवावी लागत नाही. दुसरी जागा म्हणजे जिथे समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली जातो. तो तळ आपल्याबरोबर पाणी नेतो, खनिजांमध्ये बांधलेलं. सुमारे शंभर किमी खोलीवर ते पाणी बाहेर पडून वरच्या प्रावरणात शिरतं, आणि ओला खडक कोरड्यापेक्षा कमी तापमानाला वितळतो. जपान, इंडोनेशिया, अँडीज इथल्या ज्वालामुखींच्या रांगा अशा तयार झाल्या. तिसरी जागा हवाईसारखे तप्त बिंदू, जिथे खोलवरून जास्त गरम खडक वर येतो. या तीन जागा सोडल्या तर वितळलेला खडक फारसा सापडतच नाही, म्हणूनच ज्वालामुखी सगळीकडे नाहीत.

थरांविषयी आणखी एक गोंधळ निस्तरावा लागतो, आणि तो बहुतेक पुस्तकांत आहे. थर दोन पद्धतींनी मोजतात. कशाचे बनलेत यावरून पाहिलं तर भूकवच, प्रावरण, गाभा. कसे वागतात यावरून पाहिलं तर शिलावरण, दुर्बलावरण आणि त्याखालचे भाग. भूकवच अधिक प्रावरणाचा वरचा ताठ भाग म्हणजे शिलावरण, आणि भूपट्ट हे शिलावरणाचे तुकडे आहेत. "भूकवचाचे तुकडे म्हणजे भूपट्ट" हे वाक्य चूक आहे. आपल्या वर्तुळावर भूकवच साडेतीन मिमी होतं, भूपट्ट सरासरी १ सेंमी जाड येईल, जुन्या खंडांखाली आणखी जाड. त्याखालचं दुर्बलावरण घनच, पण वितळण्याच्या तापमानाजवळ असल्याने जास्त सहज वाहतं. सहावीत ही दोन नावं नाही घेतली तरी हरकत नाही. पण घेतलीत तर दोन पद्धती वेगळ्या रंगांनी, वर्तुळाच्या दोन बाजूंना लिहा. एकाच यादीत भूकवच, शिलावरण, प्रावरण, दुर्बलावरण असं मिसळू नका.

भूपट्टांकडे वळताना सीमांचा नकाशा आधी दाखवू नका. जगाचा कोरा नकाशा द्या आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून गेल्या वर्षभरातल्या ५ पेक्षा जास्त तीव्रतेच्या भूकंपांची यादी घ्या. ती मोफत आहे, अक्षांश, रेखांश आणि खोलीसकट. यादी वर्गात वाटून प्रत्येक मुलाला वीस-पंचवीस ठिपके द्या. उथळ भूकंप एका रंगात, ७० किमीपेक्षा खोल दुसऱ्या, ३०० किमीपेक्षा खोल तिसऱ्या. सुरुवातीला ठिपके विखुरलेले वाटतात. मग हळूहळू पॅसिफिकभोवती कडं उमटतं, अटलांटिकच्या बरोबर मधून एक नागमोडी रेघ उतरते, भूमध्य समुद्रापासून हिमालयाकडे एक पट्टा जातो. भूपट्टांच्या सीमा मुलांनीच काढलेल्या असतात. मग छापील नकाशा शेजारी लावा.

इतिहासात हे अगदी असंच घडलं आहे. मेरी थार्प १९५२ च्या सुमारास जहाजांनी मोजलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढत होत्या. त्या काळी संशोधन-जहाजांवर बायकांना घेत नसत, म्हणून मोजणी इतरांची आणि रेखाटन त्यांचं. मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर त्यांना एक खोल दरी सलग दिसली, म्हणजे तळ तिथे फाटतो आहे. सहकारी ब्रूस हीझन यांना ते आधी पटलं नाही. शेजारच्या टेबलावर भूकंपांच्या जागा त्याच प्रमाणाच्या नकाशावर मांडल्या जात होत्या. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले तर भूकंपांचे ठिपके बरोबर त्या दरीत पडले.

मुलांच्या नकाशावरून तीन गोष्टी त्यांच्याकडूनच काढून घ्या. पहिली, किनारा म्हणजे सीमा नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला ठिपक्यांची गर्दी, पूर्वेला जवळजवळ काहीच नाही. पूर्वेकडची सीमा पार अटलांटिकच्या मध्यावर आहे, म्हणजे एकाच भूपट्टावर खंडही आहे आणि अर्धा महासागरही. पॅसिफिक भूपट्ट तर जवळजवळ पूर्ण समुद्राखाली आहे. दुसरी, अटलांटिकच्या रेघेवर फक्त उथळ भूकंपांचा रंग. तिसरी, जपान किंवा दक्षिण अमेरिकेजवळ रंग क्रमाने बदलतात: समुद्रातल्या गर्तेपाशी (तळातल्या लांब, खोल खंदकापाशी) उथळ, खंडाकडे किंवा मागच्या समुद्राकडे जावं तसे खोल, पार ७०० किमीपर्यंत. भूकंपांची ही उतरती रांग म्हणजे खाली जाणारा भूपट्टच. तो कुठल्या बाजूला झुकला आहे हे मूल नकाशावरून सांगू शकतं.

काही ठिपके सीमांपासून दूर पडतात आणि मुलं ते विचारतातच. भूपट्टांच्या आतही जुने कमकुवत भाग असतात आणि कडेचा ताण तिथवर पोहोचतो. अमेरिकेतल्या न्यू माद्रिदचे १८११-१२ चे भूकंप किंवा १९९३ चा किल्लारीचा भूकंप असे होते. ते क्वचित होतात, पण होतात, हे सरळ सांगावं.

सीमांचे तीन प्रकार आता पटकन होतात. घासत सरकणाऱ्या सीमेसाठी कॅलिफोर्नियाचा सान अँड्रियास प्रस्तरभंग पुरे. तिथे जमीन तयार होत नाही आणि नाहीशीही होत नाही, ती अडकते आणि अधूनमधून झटक्याने सुटते. कॅलिफोर्निया समुद्रात बुडणार वगैरे गोष्टी मुलांनी ऐकलेल्या असतात, त्या खोट्या आहेत हे याच वेळी सांगून टाका.

दूर जाणाऱ्या सीमेवर एक गणित जरूर करून घ्या, मला ते फार आवडतं. अटलांटिक आज वर्षाला साधारण अडीच सेंमीने रुंदावतो. उत्तर अमेरिकेचा पूर्व किनारा ते वायव्य आफ्रिका हे अंतर ढोबळमानाने ५,००० किमी, म्हणजे ५० कोटी सेंमी. भागिले अडीच, उत्तर २० कोटी वर्षं. आता समुद्रतळाचं वय सांगा. मधल्या पर्वतरांगेजवळचा तळ अगदी नवा आहे, दोन्ही किनाऱ्यांकडे जावं तसा जुना होत जातो, आणि कडेला त्याचं वय १८ कोटी वर्षांच्या आसपास भरतं. वेग उपग्रहांनी मोजलेला, वय खडकांवरून काढलेलं, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तरी उत्तरं इतकी जवळ. मुलं इथे गप्प होतात आणि मग एकदम बोलू लागतात.

लगेच पुढचा प्रश्न टाका: नवा तळ सतत तयार होतो, तर पृथ्वी फुगत का नाही? दुसरीकडे तो खाली जात असला पाहिजे. समुद्रतळ तयार झाल्यावर थंड होत जातो, जाड होतो, जड होतो. पुरेसा जुना झाला की तो खालच्या दुर्बलावरणापेक्षाही जड ठरतो आणि गर्तेत उतरतो. यालाच अधोगमन म्हणतात. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं, खंडांवर ४०० कोटी वर्षांचे खडक सापडतात, पण महासागरांचा तळ जवळजवळ सगळा २० कोटी वर्षांपेक्षा तरुण आहे, तो याच कारणाने. खंड मात्र हलके आहेत, ते खाली जात नाहीत. म्हणून भारताचा भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला तेव्हा दोघांपैकी कुणी बुडालं नाही. भूकवच चुरगळलं, एकावर एक चढलं आणि हिमालय-तिबेटखाली ते ७० किमीपर्यंत जाड झालं. एव्हरेस्टचा माथा चुनखडकाचा आहे आणि त्यात समुद्री जिवांचे अवशेष आहेत. समुद्राचा तळ जगाच्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसला आहे.

या गर्तांवरच सगळ्यात मोठे भूकंप होतात: १९६० चा चिलीतला ९.५ तीव्रतेचा, २००४ चा सुमात्रा-अंदमानचा, २०११ चा जपानचा. वरच्या भूपट्टाची कड शेकडो वर्षं खालच्याला अडकून दबत राहते आणि मग सुटते. २०११ मध्ये जपानच्या मुख्य बेटाचा काही भाग सुमारे २.४ मीटर पूर्वेला सरकला. समुद्रतळ असा एकदम उचलला गेला की वरचं पाणी उचललं जातं, आणि तीच त्सुनामी. भूकंप कुठे होऊ शकतात हे सांगता येतं, कोणत्या दिवशी हे सांगता येत नाही. मुलांना दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात.

भूपट्ट चालतात कशाने? पुस्तकात अभिसरण प्रवाहांची गोल बाणांची आकृती असते, जणू खालचे प्रवाह फिरतात आणि भूपट्ट त्यांच्यावर बसून जातात. उष्णतेमुळे प्रावरणात संथ अभिसरण आहे हे खरंच आहे, पण भूपट्ट हे त्याचे प्रवासी नव्हेत, त्याचाच थंड झालेला वरचा भाग आहेत. आज आपल्याला दिसतं ते असं की मुख्य जोर खाली बुडणाऱ्या कडेचा असतो: जड झालेली कड खाली जाते आणि मागचा सगळा भूपट्ट ओढते. पडताळा नकाशावरच आहे. ज्या भूपट्टांच्या लांबलचक कडा गर्तांमध्ये उतरतात, जसा पॅसिफिक, ते वर्षाला ७ ते १० सेंमी वेगाने जातात. ज्यांची अशी कड जवळजवळ नाही, जसे युरेशियन किंवा आफ्रिकन, ते बरेच सावकाश. बाण काढायचेच असतील तर एक जाड बाण गर्तेत खाली काढा.

आल्फ्रेड वेगेनर यांची गोष्ट मी शेवटी सांगतो. १९१२ मध्ये त्यांनी खंड सरकतात हे मांडलं. किनाऱ्यांची जुळणी आणि दक्षिण अमेरिका व आफ्रिका या दोन्ही ठिकाणी सापडणारे मेसोसॉरस नावाच्या प्राचीन प्राण्याचे जीवाश्म असे भक्कम पुरावे त्यांच्याकडे होते. पण खंड समुद्राचा तळ नांगरत पुढे जातात अशी त्यांची कल्पना होती, आणि ती चूक होती. समुद्राच्या तळाविषयी तेव्हा कुणालाच फारसं माहीत नव्हतं. १९३० साली ते ग्रीनलंडच्या बर्फात वारले. तळाचे पुरावे १९५० आणि ६० च्या दशकांत आले आणि १९६८ पर्यंत सिद्धांत उभा राहिला. भूपट्ट समजल्यावर ही गोष्ट सांगितली की वेगेनर यांच्या विरोधकांचा आक्षेप कुठे योग्य होता हे मुलं स्वतः ओळखतात. आणि पँजिया, म्हणजे आजचे सगळे खंड पूर्वी एकत्र होते तो महाखंड, ही सुरुवात नव्हती, तिच्याआधीही महाखंड जुळले आणि तुटले आहेत, हे एका वाक्यात सांगाच. नाहीतर पृथ्वी पँजियापासून सुरू झाली असं मुलं धरून चालतात.

परीक्षेत थरांची नावं विचारावी लागतील, ती विचारा. पण एक प्रश्न असा घाला. "मंगळावर २०१८ साली इनसाइट हे यान उतरलं आणि त्याने तिथले भूकंप मोजले. मंगळाचा गाभा घन आहे की द्रव हे कळण्यासाठी तुम्ही त्या नोंदींमध्ये काय शोधाल?" दुय्यम लहरी गाभ्यातून आरपार जातात की अडतात हे पाहीन, असं ज्याने लिहिलं त्याला पूर्ण गुण द्या. काही मुलं लिहितील की एकच यान असल्याने दुसऱ्या बाजूच्या लहरी पकडायला अडचण येईल. त्यांना वर्गात उभं करून विचारा की मग तुम्ही काय केलं असतं. शास्त्रज्ञांनी गाभ्याच्या कडेवरून परत आलेल्या दुय्यम लहरी पकडल्या आणि गाभ्याचा मोठा भाग द्रव असल्याचं त्यावरून ठरवलं.